नवी मुंबईत राहायला जाताना: आधी नोड, मग सेक्टर, शेवटी घर

नवी मुंबईत घर शोधायला निघालेली बहुतेक कुटुंबे चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. आधी एखादा फ्लॅट आवडतो, मग पैशांची जुळवाजुळव होते, टोकन दिले जाते, आणि सामान लावून झाल्यावर लक्षात येते की पाणी टँकरचे आहे, रात्री खिडकी उघडली की रसायनांचा वास आत येतो किंवा ठाण्याच्या नोकरीसाठी रोज गाडी बदलावी लागते. शहर नियोजित आहे, तेव्हा कुठेही राहिले तरी सोयी सारख्याच मिळतील, असा समज या चुकीच्या मुळाशी असतो. वाशी आणि उलवे एकाच शहराच्या नावाखाली मोडत असले तरी तिथले पाणी, कर, लोकल आणि नगरपालिकीय कारभार यांत फार मोठा फरक आहे.

सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, या शहराची मांडणी नोड (शहराचे मोठे विभाग), नोडमध्ये सेक्टर आणि सेक्टरमध्ये भूखंड अशी केलेली आहे, आणि शोधाचा क्रमही तसाच असावा. रोजचा प्रवास आणि पाणी नोडवर अवलंबून असते, शेजार सेक्टरवर, आणि कागदपत्रांची स्थिती भूखंडावर. घराची आतली मांडणी, रंग आणि स्वयंपाकघराचा ओटा हे सगळे यानंतर पाहायचे.

तयारी: एक कागद आणि तीन रकाने

पहिल्या रकान्यात घरातील प्रत्येकाचे आठवड्यातील नेमके ठिकाण आणि पोहोचण्याची वेळ लिहावी. “मुंबई” असे लिहून भागत नाही. फोर्ट, दादर, अंधेरी, ठाणे, महापे, तळोजा असे स्पष्ट लिहावे, कारण या प्रत्येक ठिकाणासाठी उत्तर वेगळे येते. दुसऱ्या रकान्यात तडजोड न करता येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: आजारी वडिलांचे नियमित उपचार, दम्याचा त्रास असलेले मूल, दहावीत असलेल्या मुलीची शाळा. तिसऱ्या रकान्यात महिन्याचा खरा खर्च मांडावा. भाडे किंवा कर्जाचा हप्ता हा त्याचा एक भाग झाला; सोसायटीचा देखभाल खर्च, उन्हाळ्यातील टँकरची वर्गणी, स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि पथकर हे त्यात धरले नाहीत, तर स्वस्त वाटलेले घर सहा महिन्यांत महाग ठरते.

हा कागद पूर्ण झाल्याशिवाय एकाही एजंटला फोन करू नये.

टप्पा १: प्रवासाच्या दिशेवरून नोड निवडणे

नवी मुंबईतील लोकलचे तीन वेगळे मार्ग आहेत आणि ते सगळीकडून सगळीकडे नेत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पनवेल हा हार्बर मार्ग वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स-दारावे, बेलापूर, खारघर, मानसरोवर आणि खांदेश्वर असा जातो. या मार्गावरच्या गाड्या धिम्या असतात; पनवेलहून फोर्टला जाणाऱ्याने अंतरापेक्षा थांब्यांचा हिशेब करावा. दादरला जाणाऱ्याला कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरावी लागते. अंधेरी-गोरेगावकडे पनवेलहून थेट गाड्या आहेत, पण मोजक्या. एरवी वडाळ्याला बदल करावा लागतो.

दुसरा मार्ग ठाण्याहून येणारा ट्रान्स-हार्बर. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्थानके त्यावर आहेत, आणि २०२४ पासून दिघा गाव हे स्थानकही. तुर्भ्यानंतर याला दोन फाटे फुटतात: काही गाड्या वाशीला जातात, काही नेरुळ-पनवेलकडे. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. ठाण्याहून सुटणारी प्रत्येक गाडी नेरुळला जाते असे धरून बेलापूरला घर घेतले, तर संध्याकाळी दर दुसरी-तिसरी गाडी सोडून उभे राहावे लागते. ठाण्यात किंवा महापे-रबाळे पट्ट्यात नोकरी असलेल्याने ऐरोली, घणसोली आणि कोपरखैरणे हे नोड सर्वांत आधी पाहावेत.

तिसरा मार्ग नेरुळ आणि बेलापूरहून उरणकडे जाणारा. खारकोपरपर्यंतचा भाग २०१८ मध्ये आणि उरणपर्यंतचा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उलव्यासाठी बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्थानके आहेत. गाड्यांची संख्या हार्बरच्या तुलनेत बरीच कमी असल्याने या मार्गावर राहणाऱ्याला वेळापत्रक पाठ असावे लागते. दक्षिण मुंबईत मोटारीने जाणाऱ्यांना उलवे आणि द्रोणागिरीहून अटल सेतू हा सागरी पूल सोयीचा आहे. मोटारीच्या एकेरी फेरीचा पथकर २५० रुपये ठरवण्यात आला होता. महिन्याच्या फेऱ्यांनी गुणून तो तिसऱ्या रकान्यात लिहावा. वाशी आणि ऐरोलीच्या पथकर नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे.

खारघरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या नोडचे स्थानक त्याच्या एका कडेला आहे आणि तिशीच्या पुढचे सेक्टर तिथून कित्येक किलोमीटर आत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो सुरू झाल्यापासून आतील भागाची अडचण बरीच हलकी झाली. म्हणून खारघर किंवा तळोजा पाचनंद येथे घर पाहताना रेल्वे स्थानकापेक्षा सेंट्रल पार्क, पेठपाडा, अमनदूत यांपैकी जवळचे मेट्रो स्थानक किती पावलांवर आहे, हे मोजावे.

*पडताळा:* निवडलेल्या नोडमधून कामाच्या ठिकाणी एका सोमवारी, खऱ्या वेळेला, प्रत्यक्ष जाऊन पाहावे. परतीचा प्रवासही करावा. वाशी, बेलापूर आणि पनवेल येथून सुटणाऱ्या गाड्यांमध्ये सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. मधल्या स्थानकांवर ती फार कमी. वीस वर्षे रोज दोन वेळा प्रवास करणाऱ्याच्या पाठीच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

टप्पा २: कारभार कोणाचा आणि पाणी कुठले

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचे नोड १९९२ मध्ये कामाला लागलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत, ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि तळोजा हे १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत, रायगड जिल्ह्यात येतात. उलवे आणि द्रोणागिरी यांपैकी कोणत्याही महापालिकेत नाहीत. तिथे सिडकोच सेवा पुरवते. वाहनाची नोंदणी वाशीच्या एमएच-४३ ऐवजी पनवेलच्या एमएच-४६ मध्ये होणे हा किरकोळ फरक झाला. तहसील कार्यालय, मालमत्ता कर आणि पाण्याची तक्रार कुठे न्यायची, हे सगळे या हद्दीवरून ठरते.

नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे, म्हणून तिच्या नोडांमध्ये पाण्याची स्थिती एकंदर बरी असते. हद्दीपलीकडे पाणी वेगवेगळ्या स्रोतांतून येते: हेटवणे धरण, पाताळगंगेवरून पाणी आणणारी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची योजना, काही भागांत नवी मुंबई महापालिकेकडून घेतलेले पाणी. लोकवस्ती या पुरवठ्यापेक्षा वेगाने वाढली, त्यामुळे खारघर, तळोजा आणि उलव्याच्या अनेक भागांत उन्हाळ्यात टँकर दिसतात. मात्र नोडच्या नावावरून निष्कर्ष काढू नये. एकाच सेक्टरमध्ये जलवाहिनीच्या सुरुवातीला असलेल्या इमारतीत दोन्ही वेळ पाणी येते आणि टोकाच्या इमारतीत धार बारीक असते.

पाण्याची चौकशी मालकाकडे किंवा एजंटकडे करून उपयोग नाही. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन मागील मार्च ते जूनची देखभाल खर्चाची पत्रके पाहायला मागावीत आणि त्यात “टँकर” या शीर्षाखाली किती रक्कम आहे ते वाचावे. पत्रक दाखवायला नकार मिळाला, तर सुरक्षारक्षकाला विचारावे. टँकर कधी येतो, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पनवेल महापालिकेच्या हद्दीत आणखी एक तपासणी आवश्यक आहे. तिथे मालमत्ता कराची आकारणी ऑक्टोबर २०१६ पासून मागील प्रभावाने झाली. त्या काळात सिडको सेवा शुल्क घेतच होती, म्हणून अनेक रहिवाशांनी दुहेरी आकारणीचा आक्षेप घेतला आणि कर भरला नाही. विकत घेत असलेल्या घरावर ही थकबाकी आहे का, असल्यास ती कोण भरणार, हे करारनाम्यात लिहून घ्यावे.

*सावधान:* जाहिरातीतील नोडचे नाव खरे मानू नये. तळोजा पाचनंदमधील घर “खारघर” म्हणून दाखवले जाते, आणि नवीन पनवेलच्या पलीकडील विचुंबे, सुकापूर, आकुर्ली या गावांतील इमारती “नवीन पनवेल” म्हणून. ही गावे सिडकोच्या मूळ नोडांत मोडत नाहीत. तिथे घर घेणे चूकच आहे असे नाही, परंतु रस्ते, मलनिःसारण आणि पाणी ही नोडची असतील असे धरून पैसे मोजणे निश्चित चूक आहे. नोड, सेक्टर क्रमांक आणि भूखंड क्रमांक या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. प्रत्येक नोडचे सेक्टर क्रमांक स्वतंत्र असतात. सेक्टर १५ वाशीत आहे, बेलापुरात आहे आणि खारघरमध्येही आहे.

टप्पा ३: सेक्टरच्या चारही कडा पाहणे

नोड ठरला की दोन-तीन सेक्टर निवडावेत आणि प्रत्येकाच्या कडेने पायी फेरी मारावी. घराचा त्रास बहुधा सेक्टरच्या आतून येत नाही, कडेवरून येतो.

पहिली कड कारखान्यांची. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला वस्ती आणि पूर्वेला एमआयडीसीचा (सरकारी औद्योगिक वसाहतीचा) पट्टा आहे; दक्षिणेत तळोज्याची एमआयडीसी आहे. कोपरखैरणे आणि वाशीच्या काही भागांत, तसेच तळोजा, खारघर, कामोठे आणि कळंबोली येथे रात्री उशिरा किंवा पहाटे वास येत असल्याच्या तक्रारी रहिवासी वर्षानुवर्षे करत आले आहेत. हिवाळ्यात हवा जड होऊन खाली बसते, तेव्हा तो अधिक जाणवतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हा मुद्दा भाड्यातल्या कितीही सवलतीपुढे वरचढ ठरवावा.

दुसरी कड अवजड वाहनांची. वाशी-तुर्भ्याला कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारपेठा आहेत आणि रात्रभर ट्रक येत-जात असतात. कळंबोलीला लोखंड-पोलाद बाजार आहे. उलवे, द्रोणागिरी आणि उरणच्या रस्त्यांवर जेएनपीए बंदराचे कंटेनर ट्रेलर धावतात. दुचाकीवरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या पालकांनी हा मार्ग स्वतः चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. विमानतळ उलवे आणि पनवेल यांच्या मध्ये आहे व तिथून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली. धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत, म्हणून त्या रेषेखालील सेक्टरमध्ये गच्चीवर तासभर उभे राहून आवाज ऐकावा.

तिसरी कड पाण्याची. शहराचा बराच भाग खाडीलगत भराव घालून उभारला आहे आणि समुद्राच्या मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसाचे पाणी नाल्यांतून धारण तलावांत साठवायचे आणि ओहोटी लागली की झडपांतून खाडीत सोडायचे, अशी येथील रचना आहे. अतिवृष्टी आणि साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती एकाच वेळी आली, आणि त्यातच तलाव गाळाने भरलेला असला, तर सखल सेक्टरमध्ये पाणी तुंबते. जवळच्या धारण तलावात गाळ आणि झुडपे किती वाढली आहेत, ते पाहावे. तळमजल्यावरील दुकानदाराला २००५ चा किंवा अलीकडचा एखादा जोराचा पाऊस आठवून विचारावे की पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते. भिंतीवरची खूण तो बोटाने दाखवतो.

चौथी कड मोकळ्या भूखंडाची. खिडकीसमोर मैदान दिसते म्हणून अनेकजण जास्त किंमत मोजतात. नियोजित शहरात मोकळी जागा बहुधा कशासाठी तरी राखून ठेवलेली असते: शाळा, प्रार्थनास्थळ, पेट्रोल पंप, विद्युत उपकेंद्र, मंगल कार्यालय किंवा आणखी एक उंच इमारत. सिडकोच्या किंवा संबंधित महापालिकेच्या नियोजन विभागाच्या आराखड्यात त्या भूखंडाचा वापर काय दाखवला आहे, ते पाहता येते. जाहिरातीतील “उद्यानासमोर” या शब्दाची खात्री आराखड्यात त्या जागेवर उद्यानाचे आरक्षण दिसेपर्यंत झाली असे समजू नये.

टप्पा ४: तीन वेळा भेट

रविवारी दुपारी चार वाजता प्रत्येक सेक्टर सुंदर दिसतो, आणि एजंट नेमके तेव्हाच बोलावतात.

पहिली भेट कामाच्या दिवशी सकाळी आठला घ्यावी आणि घरापासून स्टेशनपर्यंत पायी जावे. “स्टेशनपासून पाच मिनिटे” ही पाच मिनिटे रिक्षाची असतात, तीही रस्ता मोकळा असताना. शेअर रिक्षाची रांग किती, महापालिकेच्या एनएमएमटीची बस किती वेळाने येते, हे त्याच फेरीत दिसते. दुसरी भेट रात्री अकरानंतर घ्यावी. त्या वेळी वास, ट्रकचा आवाज, रस्त्यावरील दिवे आणि गाड्या उभ्या करायला उरलेली जागा यांचा अंदाज येतो. संध्याकाळी उशिरा एकटी परतणारी मुलगी किंवा पत्नी असेल, तर तिला सोबत न्यावे आणि तिचे मत निर्णायक मानावे. तिसरी भेट पावसाळ्यातील मोठ्या भरतीच्या दिवशी. घर उन्हाळ्यात शोधत असाल आणि थांबणे शक्य असेल, तर जुलैपर्यंत थांबावे, असा माझा आग्रह राहील.

टप्पा ५: भूखंड आणि इमारतीची कागदपत्रे

येथील बहुतांश जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे पुनर्विक्रीचे घर घेताना सोसायटीच्या संमतीबरोबर सिडकोची हस्तांतर परवानगी आणि तिचे शुल्क हा विषय येतो, आणि बँक कर्जासाठी घर तारण ठेवण्यास सिडकोचे ना-हरकत प्रमाणपत्र मागते. हे शुल्क कोण भरणार, हे टोकन देण्यापूर्वीच ठरवावे. नंतर त्यावरून सौदे मोडतात. भाडेपट्ट्याची किती वर्षे शिल्लक आहेत, तेही मूळ करारात वाचावे.

भूखंड कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. सिडकोने स्वतः बांधलेल्या वसाहती, निविदेतून विकलेले भूखंड, आणि प्रकल्पग्रस्तांना (शहरासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांना) मोबदल्याचा भाग म्हणून दिलेले साडेबारा टक्के योजनेतील भूखंड असे ढोबळ प्रकार आहेत. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरील इमारत अधिकृत असू शकते आणि अनेक आहेतही. मात्र तिथे मूळ भूधारक, विकासक आणि सिडको यांच्यातील त्रिपक्षीय करार तपासावा लागतो. गावठाण आणि त्याच्या विस्तारात प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आणि जुना आहे. त्या घरांत भाड्याने राहणे अनेकांना परवडते आणि गावातले शेजारही चांगले असतात, पण बाहेरच्या खरेदीदाराने तिथे केवळ नोटरी केलेल्या कागदावर पैसे गुंतवू नयेत. दिघ्यात अनधिकृत इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये कारवाई सुरू झाली, तेव्हा आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबे रस्त्यावर आली होती.

खरेदीपूर्वी पुढील कागद या क्रमाने पाहावेत:

१. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा. बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर ती नकाशात आहे का, ते जुळवावे.
२. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला). ते “लवकरच मिळणार” असेल, तर मिळेपर्यंत थांबावे.
३. नव्या प्रकल्पासाठी महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरील नोंद आणि त्यात दिलेली पूर्णत्वाची तारीख.
४. सोसायटीच्या नावे सिडकोबरोबर भाडेपट्टा करार झाला आहे का, याचा पुरावा.
५. मालमत्ता कर, पाणी आणि सोसायटीचे थकबाकी नसल्याचे दाखले.

*पडताळा:* हे कागद स्वतःच्या वकिलाला दाखवावेत. विकासकाने सुचवलेला वकील किंवा कर्ज देणाऱ्या बँकेची तपासणी ही त्याला पर्याय ठरत नाही, कारण बँक स्वतःच्या कर्जाची वसुली पाहते.

जुन्या सिडको इमारतींबाबत, विशेषतः वाशी, नेरुळ आणि बेलापूरमध्ये, पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे, हेही सोसायटीला विचारावे. भाड्याने जाणाऱ्याला वर्षभरात घर सोडावे लागू शकते.

टप्पा ६: शाळा, दवाखाना, बाजार

सिडकोच्या आराखड्यामुळे शाळा आणि बाजार बहुतेक सेक्टरांच्या आवाक्यात असतात, म्हणून यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. दोनच गोष्टी पाहाव्यात. हव्या त्या इयत्तेत जागा शिल्लक आहे का, हे शाळेत जाऊन विचारावे, कारण मधल्या इयत्तांचे प्रवेश अनेकदा बंद असतात. आणि रात्री दोन वाजता ज्या रुग्णालयात जायचे तिथपर्यंतचा रस्ता महामार्ग ओलांडून जातो का, ते पाहावे. कामोठे, कळंबोली आणि नेरुळच्या काही सेक्टरांच्या लगत महामार्ग जातो.

टप्पा ७: आधी भाड्याने, मग खरेदी

शहर नवे असेल, तर निवडलेल्या सेक्टरमध्ये ११ महिने भाड्याने राहावे आणि मगच तिथे खरेदीचा विचार करावा. या काळात एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही मिळतील, अशा बेताने एप्रिलपूर्वी राहायला जावे. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, त्याची नोंदणी बंधनकारक आहे. अनामत किती, ती किती दिवसांत परत, टँकरची वर्गणी मालकाकडे की भाडेकरूकडे, आणि सोसायटीत गाडीची जागा कोणती, हे चार मुद्दे करारात नावानिशी यावेत. भाडेकरूची पोलिसांना द्यायची माहिती ऑनलाइन भरता येते. तिची पोच जपून ठेवावी.

टोकन रोखीने देऊ नये. बँकेतून द्यावे, आणि पावतीवर नोड, सेक्टर, भूखंड, सदनिका क्रमांक आणि “कागदपत्रे समाधानकारक नसल्यास पूर्ण परत” हे वाक्य असावे. हे वाक्य लिहून द्यायला समोरचा माणूस तयार नसेल, तर यादीतील दुसऱ्या सेक्टरकडे वळावे.